कॉम्प्युटर "बंद आहे" म्हणजे नेमका कुठपर्यंत येऊन बंद आहे?

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. सत्तावीस वर्षं, त्यातली बरीचशी फॉल्टच्या टेबलावर. लोक 198 लावायचे आणि म्हणायचे, "फोन बंद आहे." एवढंच. बंद म्हणजे काय ते आम्ही खोदून खोदून विचारायचं. टोन येतो का? नुसती खरखर आहे का? रिंग वाजते, पण पलीकडचा आवाज येत नाही, असं आहे का? लाइनमनला कुठे पाठवायचं ते त्या उत्तरांवर ठरायचं. बाहेरून आलेल्या सगळ्या वायरी एक्स्चेंजमध्ये ज्या लोखंडी फ्रेमवर येऊन मिळतात तिला एमडीएफ म्हणतात. तिथे टोन मिळाला तर दोष बाहेर, नाही मिळाला तर आमच्याच घरात. बाहेर असेल तर आधी पिलर म्हणजे रस्त्यावरची वायरींची पेटी, मग डीपी म्हणजे इमारतीपाशी वायरी वाटून देणारा डबा, मग जिन्यातून गेलेली वायर आणि सगळ्यात शेवटी ग्राहकाचा फोन.

रिटायर झाले, तर आता गिरगावातल्या आमच्या चाळीत तक्रारी सुरू झाल्या. "ताई, कॉम्प्युटर बंद आहे." भाषा तीच, म्हणून माझा प्रश्नही तोच. कुठपर्यंत आला आणि कुठे थांबला?

बटण दाबल्यापासून तुमचा डेस्कटॉप दिसेपर्यंत चार टप्पे असतात. पहिला, बटण दाबल्यापासून स्क्रीनवर कंपनीचं नाव किंवा चित्र येईपर्यंत. इथे अडलं तर वीज, रॅम, केबल, म्हणजे हाताला लागणाऱ्या वस्तू. दुसरा, त्या चित्रापासून गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंत. इथे बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी उठणारा मशीनचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम, डिस्क शोधत असतो. तिसरा, ठिपक्यांपासून लॉगिनच्या स्क्रीनपर्यंत. इथे विंडोज उठत असतं. आणि चौथा, पासवर्ड दिल्यानंतरचा. तो दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतोच, तुमच्या अकाउंटचा असतो. अडलं की मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. "काहीतरी निळं आलं होतं" या वाक्यावरून मला आजवर काही सापडलेलं नाही.

कोणीही "फॉरमॅट मारून टाका" म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. खरखर येते म्हणून अख्खं एक्स्चेंज बदलायला काढण्यातला हा प्रकार आहे.

एक काम मात्र मशीन ठणठणीत असतानाच करून ठेवा. बऱ्याच नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. बायोसमध्ये काही बदललं, की पुढच्या वेळी निळी स्क्रीन येऊ शकते आणि ती 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागते. ही किल्ली म्हणजे पासवर्ड नव्हे, पिनही नव्हे. बहुधा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, मोबाइलवरून तिथे लॉगिन करून बघता येते. पण ते अकाउंट घरातल्या नेमक्या कोणाच्या मेलवर उघडलं होतं हे आठवावं लागतं, आणि गाडी तिथेच अडते. ही किल्ली कागदावर उतरवा आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

चित्रच येत नाही

आधी बघा, पंखा फिरतो का. फिरत नसेल तर प्लग, स्पाइक गार्डचं बटण आणि कॅबिनेटच्या मागचं छोटं काळं बटण बघा. ते मागचं बटण झाडताना कितीदा बंद होतं त्याला हिशोब नाही. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे मॉनिटर लावायच्या दोन जागा असतात, एक मदरबोर्डची, म्हणजे मशीनच्या आतल्या मुख्य पाटीची, आणि एक कार्डाची. केबल कार्डात हवी. आमच्या शेजारच्या वहिनींकडे मावशींनी दिवाळीची साफसफाई केली, निघालेली केबल त्यांना जी जागा सोयीची वाटली तिथे खोचली आणि मशीन चार दिवस "मेलं". त्यांचा मुलगा नवीन कॅबिनेटच्या किमती बघायला लागला होता.

केबल बरोबर असूनही काळंच असेल तर रॅम. गिरगावात समुद्र जवळ. जुलै-ऑगस्टमध्ये पापड दोन दिवसांत सादळतात, तिथे तांब्यापितळेचं काय! मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या. रॅमच्या दोन्ही टोकांची खिटी उघडून पट्टी सरळ वर काढा, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. बीप वाजत असतील तर मोजून ठेवा, पण अर्थ तुमच्याच बोर्डाच्या पुस्तिकेत शोधा. प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी.

ज्यात वीजवायर जाते तो एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठलेली असते. त्यात झुरळ गेलेलं डोळ्यांनी दिसलं तरी नाही.

रोज सकाळी बिघडणारं मशीन

हा माझा आवडता फॉल्ट. तिसऱ्या माळ्यावरच्या काकांचं मशीन रोज सकाळी काळ्या स्क्रीनवर थांबायचं, एफ1 दाबा म्हणायचं. दाबलं की विंडोज उघडायचं, पण मेल उघडायचा नाही, बँकेची साइट उघडायची नाही, "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" अशी लाल पाटी. काका घाबरले, बँकेत जाऊन पासवर्ड बदलून आले. नातू कॉलेजातून आला की दोन मिनिटांत काहीतरी करायचा आणि सगळं सुरळीत. मग रात्रीपर्यंत दहा वेळा बंद-चालू करा, काही होत नाही. नातवाचं निदान, "आजोबाच काहीतरी चुकीचं दाबतात."

मी खाली कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. तारीख कित्येक वर्षं मागची. नातू रोज येऊन फक्त ती तारीख दुरुस्त करत होता. आणि काका रोज रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करत होते, आयुष्यभराची सवय. झालं, फॉल्ट सापडला!

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. पण भिंतीतलं बटण चालू असेल तर एसएमपीएस बंद मशीनलाही थोडी वीज पुरवत राहतो, घड्याळ त्यावर चालतं आणि मेलेला सेल उघडा पडत नाही. म्हणून दिवसभर ठीक आणि रात्री मेन बंद केलं की सकाळी तारीख गायब. बँकेची साइट का उघडत नाही? साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. मशीनच्या लेखी आज जर कित्येक वर्षांपूर्वीचा दिवस असेल तर त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. काकांचा पासवर्ड बिचारा निर्दोष होता.

सेलचा नंबर सीआर2032. त्यातले 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास, 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचा असतो, नवा असताना तिनाच्या किंचित वर दाखवतो. काकांचा माझ्या मीटरवर 2.2 आला. लॅमिंग्टन रोडला गेलात, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणायचं, तर कुठल्याही टपरीवजा दुकानात मिळतो. घड्याळवाल्याकडेही मिळतो. पाकिटातला घ्या, सुटा नको.

बदलण्याआधी बायोसमध्ये जा. चालू करताना डिलीट किंवा एफ2 दाबत राहिलं की बहुतेक मशीनवर तो उघडतो. प्रत्येक पानाचा फोटो काढा, विशेषतः डिस्कचा मोड जिथे लिहिलाय त्याचा, एएचसीआय (AHCI) किंवा रेड (RAID). सेल काढला की ही सेटिंग्ज मूळपदावर जातात. तिथे एएचसीआयच्या जागी दुसरं काही बसलं तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून "बूट डिव्हाइस सापडत नाही" म्हणतं आणि तुम्हाला वाटतं डिस्क गेली. डिस्क गेलेली नसते, फोटोत बघून मोड पूर्वीसारखा करा. सेल बसवताना लिहिलेली, अधिक चिन्हाची बाजू वर. लॅपटॉपमध्ये हाच सेल वायरीला जोडलेला आणि खोल कुठेतरी असतो, तो घरी करू नका.

चित्र आलं, पुढे काळ्या स्क्रीनवर दोन ओळी

"बूट डिव्हाइस नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली तर आधी पेन ड्राइव्ह लावलेला आहे का बघा. काढा, परत चालू करा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. नसेल तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर डिस्कची केबल. केबल घट्ट असूनही नाव दिसत नसेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर प्रयोग थांबवा. अशा डिस्कला फक्त एकदाच त्रास द्यायचा, आतलं सामान दुसरीकडे उतरवून घेण्यापुरता. दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवत बसलात तर उरलेला श्वासही जाईल.

गोल गोल फिरतंय

दहा मिनिटं ठिपके फिरत असतील आणि खाली अपडेटबद्दल काही लिहिलेलं असेल तर हात लावू नका, जेवून या. काहीच लिहिलेलं नसेल आणि तासभर तेच असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा झालं की विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी पानं उघडतं. लॉगिनची स्क्रीन येत असेल तर एवढा छळही नको. कोपऱ्यातलं पॉवरचं चिन्ह दाबा, शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट म्हणा, तीच पानं येतात. तिथून ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर. कालच अपडेट झालं असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. नाहीतर स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि 4 चा आकडा. याला सेफ मोड म्हणतात.

सेफ मोड म्हणजे आमची एमडीएफवरची टेस्ट. बाहेरची लाइन तोडायची आणि एक्स्चेंज एकटं बोलतंय का बघायचं. सेफ मोडमध्ये मशीन नीट उठलं तर विंडोज शाबूत आहे, तुम्ही वरून घातलेलं काहीतरी नडतंय. शेवटचं काय घातलं ते आठवा आणि काढा. प्रिंटरचा प्रोग्रॅम, दुसरा अँटिव्हायरस, मुलांनी आणलेला खेळ. जाताना पासवर्ड हाताशी ठेवा, सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही.

आणि एक गंमत. "मी दहा वेळा बंद करून चालू केलं" याला फारसा अर्थ नाही. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. कालचा घोळ आजही हजर. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उठतं. ऐकायला उलटं वाटतं, पण दोष घालवायचा तर रीस्टार्टच करा. किंवा शट डाउन म्हणताना शिफ्ट दाबून धरा, मग खरंखुरं बंद होतं.

पासवर्ड बरोबर, तरी "चूक"

माझ्या भावजयीचा फोन, "वन्स, मी दहा वेळा टाकला, घेतच नाही." मी म्हटलं, डोळा दाब. पासवर्ड लिहायला लागलं की चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह येतं, ते दाबलं की ठिपक्यांमागे काय आहे ते दिसतं. तिच्या ठिपक्यांमागे मराठी होतं! आदल्या दिवशी तिने मंडळाची नोटीस टाइप केली होती, कीबोर्ड इनस्क्रिप्टवरच राहिला होता. के दाबलं की क आणि एल दाबलं की त. लॉगिनच्या स्क्रीनवर उजवीकडे खाली भाषेचं चिन्ह असतं, तिथून इंग्रजी करा, किंवा विंडोजचं बटण दाबून धरून स्पेस दाबा. पिनचे आकडे उमटतच नसतील तर नम लॉक. एखादं बटण अडकलंय असा संशय असेल तर कोपऱ्यातल्या माणसाच्या चिन्हातून स्क्रीनवरचा कीबोर्ड काढा आणि माउसने अक्षरं टिपा.

पिन आणि पासवर्ड यांची गल्लत करू नका. पिन फक्त त्या एका मशीनपुरता, पासवर्ड अख्ख्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा. याच भावजयीने नंतर मोबाइलवरून पासवर्ड बदलला आणि घरचा कॉम्प्युटर नवा घेईना. वायफाय बंद होतं. इंटरनेट नसलं की मशीनला नवा पासवर्ड कळायचा कुठून? ते जुन्यावरच अडून बसतं. जुना टाका, आत जा, नेट जोडा, किंवा लॉगिनच्याच स्क्रीनवर वायफाय जोडून नवा टाका.

आत गेलात, पण घर दुसऱ्याचं

माझी भाची रात्री अकराला रडत आली. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट द्यायचं आणि डेस्कटॉप कोरा. फोटो नाहीत, फाइली नाहीत, पार्श्वभूमीही कंपनीची. "मावशी, सगळं गेलं." कोपऱ्यात एक सूचना आली होती, तिने वाचायच्या आधीच बंद केली होती. अकाउंटमध्ये साइन इन करता आलं नाही, अशा अर्थाची. म्हणजे विंडोजला तिचं प्रोफाइल उघडता आलं नाही आणि त्याने तिला तात्पुरत्या खोलीत बसवलं. पागडीच्या घराची दुरुस्ती चालू असताना ट्रान्झिट कॅम्पात पाठवतात तसं. मूळ सामान जागेवरच असतं.

या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काहीही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते पुसलं जातं. भाचीने दोन पानं लिहून ठेवली होती, ती आधी पेन ड्राइव्हवर घेतली. मग सी ड्राइव्हमधलं यूजर्स फोल्डर उघडून तिच्या नावाचं फोल्डर दाखवलं, आत सगळं होतं, तेव्हा कुठे रडणं थांबलं. मग रीस्टार्ट. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा तिचं घर परत मिळालं. बऱ्याचदा अँटिव्हायरस त्या वेळी प्रोफाइलची फाइल अडवून बसलेला असतो, किंवा सी ड्राइव्ह गच्च भरलेला असतो. तरी नाही जमलं तर रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्ट नावाच्या जागी दुरुस्ती करता येते, पण पहिल्यांदाच करणाऱ्याला मी ते सांगत नाही. नवीन अकाउंट उघडा, जुन्या फोल्डरमधलं सामान उचलून आणा. वेळ लागतो, जीव जात नाही.

पासवर्ड घेतला आणि नुसती काळी स्क्रीन, वर माउसचा बाण? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर आला तर त्यातून नवीन टास्क चालवा, नाव एक्सप्लोरर डॉट ईएक्सई. डेस्कटॉप येऊन बसतो. टास्क मॅनेजरही दिसत नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी. एक बीप होतो, स्क्रीन लुकलुकते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

आणि आत गेल्या गेल्या पूर्ण स्क्रीनभर "तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा" आलं तर नंबर लावायचा नाही. मायक्रोसॉफ्ट असा नंबर देत नाही. ऑल्ट आणि एफ4 ने बंद करा, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या यादीत अनोळखी काही दिसलं तर बंद करा आणि मग पूर्ण स्कॅन. पैसे गेलेच असतील तर तासाभराचाही उशीर न करता 1930 लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तसंच, एका दुकानदाराने आमच्या चाळीतल्या एका आजोबांना सांगितलं, "विंडोज 10 बंद झालं, म्हणून तुमचं चालू होत नाही, नवीन घ्या." विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले हे खरं. पण त्यामुळे मशीन उठायचं थांबत नाही. आजोबांची रॅम सादळली होती.

रात्री तीनला आपोआप चालू

माझ्या आईच्या खोलीतलं मशीन रात्री स्वतःहून उठायचं. अंधारात अचानक निळा उजेड. आई म्हणाली, यात काहीतरी आहे. मी म्हटलं, आहेच, काय ते बघू. ते बंद नव्हतं, झोपवलेलं होतं, आणि झोपलेल्या मशीनला बरेच जण उठवू शकतात. सकाळी काळी कमांडची खिडकी उघडली आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून लास्टवेक असं लिहिलं. शेवटी कोणी उठवलं त्याचं नाव येतं. नाव आलं यूएसबीचं. तिथे लावलेला होता माउस. खोली रस्त्याच्या बाजूची, टेबल एका पायाने हलतं. रात्री खालून ट्रक गेला की माउस जेमतेम सरकतो, तेवढं पुरतं.

डिव्हाइस मॅनेजर, माउस, पॉवर मॅनेजमेंट, "या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू द्या" यावरची खूण काढली. तेव्हापासून मशीन शांत झोपतं. आई मात्र अजूनही झोपताना माउस उलटा घालून ठेवते, आणि त्यावर रुमाल.